अकरा पाचरी

आत्या कपाटाला कान लावून उभी होती आणि मी स्टेजवर बसून एकच सूर वाजवत होते. ठुम्म. ठुम्म. ठुम्म. बोट दुखायला लागलं होतं.

"थांबू नकोस," आत्या म्हणाली.

"आत्या, बोटाचा भुगा झाला माझ्या."

"अजून एकदा. थोरलीचा तिसरा पडदा. नीट दाब, कुरवाळू नकोस."

थोरली म्हणजे बेस गिटारची सगळ्यात जाड तार. चार तारा असतात. थोरली, दुसरी, तिसरी, धाकटी. नावं आत्यानेच ठेवलेली. पडदे म्हणजे तारांखाली दांडीवर असतात त्या आडव्या पट्ट्या. मला काही गिटार येत नाही. आत्या सांगेल तिथे बोट दाबून ठुम्म करता येतं, बस. ते मी दर रविवारी दुपारी अडीच ते साडेतीन करते. मी ठुम्म करायचं आणि तिने हॉलभर फिरायचं, कुठे काय खडखडतंय ते शोधत. सापडलं की पर्समधून पुठ्ठ्याची पाचर काढायची, फटीत सारायची, अंगठ्याने दाबायची. पुन्हा ठुम्म. गप्प झालं? चला पुढे.

त्या दिवशी कपाट गप्प व्हायला तयार नव्हतं. हॉल बस डेपोच्या क्लबचा, आणि कपाटात त्यांनी जिंकलेले कप नि ढाली. त्या आठवड्यात एक नवा कप आला होता आणि त्याचं झाकण सैल होतं. मी ठुम्म केलं की ते खळ्ळ करायचं.

"कशात जिंकलेत एवढा मोठा?" मी विचारलं.

आत्याने वाकून वाचलं. "लिंबू-चमचा."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की पाचर खाली पडली.

कुठलीही खोली घ्या, त्यात एखादी तरी वस्तू एका ठराविक सुराची वाट बघत बसलेली असते. तो सूर वाजला की ती उड्या मारायला लागते. ट्रम्पेटने नाही होत, गाण्याने नाही होत. बेसने होतं. आत्याला त्या हॉलमधली प्रत्येक वस्तू आणि तिचा सूर तोंडपाठ होता. कपाट थोरलीच्या तिसऱ्या पडद्याला. डावीकडच्या तीन खिडक्या दुसरीच्या पहिल्याला, उजवीकडच्या तीन दुसरीच्या दुसऱ्याला. चहाच्या काउंटरचं शटर मोकळ्या, म्हणजे बोट न लावलेल्या, थोरलीला. नोटीस बोर्डाची काच मोकळ्या तिसरीला. सहा खिडक्यांना सहा, कपाटाच्या दोन दारांना दोन, शटरला एक, बोर्डाला एक. दहा पाचरी. झाडलोट करणारा माणूस आठवडाभर खिडक्या उघडतो, बंद करतो, म्हणून दर रविवारी दहाच्या दहा नव्याने लावायच्या. अकरावी वर होती, स्टेजच्या डोक्यावर, हवेच्या झडपेत. तिचा सूर थोरलीचा पाचवा पडदा. ती आत्याने चौदा वर्षांपूर्वी शिडीवर चढून लावली होती आणि ती तिथेच राहिली. तिथे कुणाचा हात पोचत नाही.

पाचरी साबणाच्या पावडरच्या खोक्याच्या. आत्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते ना. तिथे धुलाईची सहा मोठी मशिनं आहेत आणि चार नंबरचं मशिन पिळायला लागलं की चालायला लागतं. चालायला म्हणजे खरंच, जागा सोडून दाराकडे. त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारायचा हे आत्या पहिल्याच आठवड्यात शिकली. बेससुद्धा तिथेच शिकली. लाँड्रीचा बॉयलरवाला रविवारी बँडमध्ये बेस वाजवायचा. मशिनं खळबळत असताना तो तिला शिकवायचा. आत्या म्हणते, चार नंबरच्या पिळण्यावर ताल धरता आला की जगात कशावरही धरता येतो. तो दुसऱ्या गावी गेला तेव्हा गिटार तिच्याकडे ठेवून गेला आणि बँडमधली जागापण. त्याला चौदा वर्षं झाली.

आता माझं सांगते, कारण मीपण आधी बिनडोकच होते. बारा वर्षांची असताना पहिल्यांदा आत्याचा बँड ऐकायला गेले. ट्रम्पेट ऐकू आलं, ड्रम ऐकू आला, बाई गात होती तेही आलं. आत्या नुसती बोटं हलवत होती. मला वाटलं, हिला शोभेला उभी केलीय. मी ड्रमवाल्याला जाऊन विचारलं, "आत्याची गिटार बिघडलीय का?" तो एवढा हसला की त्याच्या हातातली काठी उडाली. हा ड्रमवाला एरवी प्लंबर आहे. त्याने मला काखेत धरून उचललं आणि आत्याच्या स्पीकरवर नेऊन बसवलं. कपाटाएवढं खोकं आहे ते. पुढच्या गाण्याला मला बेस पहिल्यांदा ऐकू आला, आणि आला तो बुडाखालून. मग पोटात चढला. मग दातांत गेला. मी खाली उतरायलाच तयार नव्हते. त्या दिवसापासून कुठलंही गाणं लावा, मी आधी तळात काय चाललंय ते ऐकते, बाकी नंतर.

नववीत शाळा सोडली तेव्हा घरात रामायण झालं. मला आपल्याकडे ठेवून घेणारी एकटी आत्या. "बसून राहणार नाहीस ना?" एवढंच विचारलं तिने. दुसऱ्या दिवशी मी काचेच्या दुकानात लागले. खिडक्यांच्या काचा कापते, बसवते. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगितलं.

तर तो लिंबू-चमच्याचा रविवार. चार ते सहा नाच झाला, लोक घरी गेले, आणि मास्तर आत्याकडे आले. मास्तर म्हणजे आमचे बँडमास्तर. ट्रम्पेट वाजवतात. आधी शाळेत पीटी शिकवायचे, त्यामुळे बोलतात तेसुद्धा शिट्टी मारल्यासारखं. त्यांच्यामागे त्यांचा जावई. जावई आठ महिन्यांपूर्वी बँडमध्ये आलेला. कीबोर्ड नवा, खुर्ची नवी, खुर्चीला उशी.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," मास्तर म्हणाले.

हे वाक्य कानावर आलं की समजायचं, आता वाईटच वाटणार आहे.

"यांच्या कीबोर्डला एक बटण आहे. बेस आपोआप येतो. मग म्हटलं, ताईंना तरी किती त्रास द्यायचा..."

"आणि ते खोकंपण उचलायला नको," जावई म्हणाला. "तसंही लोकांना कुठे कळतं, ताई? चौदा वर्षांत कुणी येऊन म्हटलंय का, आज बेस छान वाजला म्हणून?"

आत्याने विचार केला. दुसरी कुणी असती तर भांडली असती. ही बया खरंच आठवत उभी राहिली. मग म्हणाली, "नाही. कुणीच नाही."

"मी म्हणते की दर आठवड्याला!" मी ओरडले.

"तू घरची आहेस," जावई म्हणाला.

"घरची आहे म्हणून काय कान भाड्याने आणलेत?"

"भिंगरी, गप," आत्या म्हणाली. भिंगरी मी.

तेवढ्यात प्लंबर ड्रमच्या मागून बोलला. "मास्तर, असं एका वाक्यात नका काढू हो. पुढच्या रविवारी बघू या. चहाच्या आधी ताई वाजवतील, चहानंतर बटण. लोकांना विचारू, फरक कळला का."

"विचारायचं नाही," आत्या म्हणाली. "विचारलं की लोक काहीही सांगतात. कुणी आपणहून येऊन बोललं तर मी राहते. एक माणूस पुरे. नाही बोललं तर पुढच्या रविवारपासून मी नाही."

मास्तरांनी हात पुढे केला. "शब्द." आत्याने हात मिळवला. मला तर तिथेच कुणालातरी चावावंसं वाटलं.

आठवड्याचे सहा दिवस आत्या दुसऱ्यांच्या चादरी धुते. रविवार एकच तिचा. आणि तो ती अशी पैजेवर लावून आली, तेसुद्धा स्वतःलाच अवघड पडेल अशा अटीवर!

सोमवारी ती इस्त्री केलेल्या उशांच्या खोळींना परत इस्त्री करत बसली होती.

"आत्या, तू एकदा सगळं चुकीचं वाजव. मग कळेल सगळ्यांना बेस काय असतो ते."

"नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील."

"अडखळू देत!"

"लोक चादर बघतात, भिंगरी. नक्षी छान आहे, रंग छान आहे. गादीला कुणी छान म्हणतं का? पण म्हणून गादीत दगड भरायचे?" आणि इस्त्री पुन्हा फिरली. त्या खोळीला चौथ्यांदा.

बुधवारी दुकानात एक बाई आली. म्हणाली, घरासमोरून ट्रक गेला की खिडकीची काच वाजते. दहा वर्षं त्या घरात राहते, खिडकीकडे कधी लक्षही गेलं नव्हतं, आता ट्रक आला की आधी खिडकीकडे बघते, मग ट्रककडे. "आता तर मला ट्रक येण्याआधीच कळतं," म्हणाली.

माझ्या हातातला काच कापायचा हिरा तसाच राहिला. डोक्यात एकदम दिवाच पेटला. आत्या दर रविवारी तासभर खपून आपल्या बेसची एकेक खूण पुसून टाकते! लोकांना कळणार कसं? हॉल बिचारा चौदा वर्षं बोलायला बघतोय आणि ही त्याच्या तोंडात बोळे कोंबतेय.

रविवार आला. अडीचला मी ठुम्म करायला बसले, आत्याने दहा पाचरी लावल्या. हात नेहमीसारखाच शांत.

"थोरलीचा पाचवा राहिला," मी म्हटलं.

"राहू दे. वरची कधी हलत नाही."

मग ती केस विंचरायला आतल्या खोलीत गेली आणि मी सुटले. काचेच्या धंद्यातली मुलगी आहे मी. खिडकीच्या फटीतून पाचर काढायला मला किती वेळ लागणार? सहा खिडक्या, कपाट, शटर, बोर्ड. चार मिनिटांत दहाच्या दहा माझ्या खिशात. अकरावी वरती, तिथे पोचायचा प्रश्नच नव्हता, ती राहू दिली. खिशाला साबणाचा वास सुटला होता. फसवणूक वगैरे मला अजिबात वाटली नाही. आत्तापण वाटत नाही.

चारला हॉल भरला. डेपोचे ड्रायव्हर, कंडक्टर, त्यांच्या बायका, नवी जोडपी, जुनी जोडपी. पहिलं गाणं सुरू झालं. पार्लरवाली गायला लागली, आमच्या बँडची गायिका ती. दुसऱ्याच ओळीला आत्याने थोरलीचा तिसरा पडदा दाबला.

खळ्ळळ्ळ!

दोन माणसांनी मान वळवली. आत्याने कपाटाकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे. लाँड्रीत पांढऱ्या चादरींमध्ये कुणी लाल मोजा टाकला तर ती ज्या नजरेने बघत असेल, त्या नजरेने. मी माझ्या चपलेचा अंगठा तपासायला लागले.

आणि मग काय केलं असेल तिने? तो सूर सोडला! अख्खं गाणं तिने तिसरा पडदा टाळून वाजवलं. खिडक्यांचे टाळले, शटरचा टाळला. भाजीवाल्यांच्या गर्दीतून सायकल काढावी तशी त्या वस्तूंच्या मधून निघाली, एकालाही धक्का नाही. वाजवलं इतकं सुरेख की मला रडू यायला लागलं. सगळं मुसळ केरात! एवढा खटाटोप करून हॉल गप्पच.

गाणं संपलं. मास्तर माइकवर आले. "मंडळी, ओळख करून देतो. गायला आपल्या पार्लरवाल्या ताई! ड्रमवर आपले प्लंबरसाहेब! आणि कीबोर्डवर, आमचे जावईबापू!" टाळ्या. जावई उशीवरून अर्धा उठला, वाकला. "चला, पुढचं गाणं!"

आत्याचं नावच नाही. मुद्दाम नाही हो, मास्तर तसे नाहीत. विसरले. ते जास्त वाईट.

आत्याने गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला. आणि पुढच्या गाण्याच्या पहिल्याच ठोक्याला थोरलीचा तिसरा पडदा असा दाबला, असा दाबला, की लिंबू-चमच्याच्या झाकणाने कपावर गिरकी घेतली.

खळ्ळळ्ळ!

अख्ख्या हॉलने मान वळवली. ओळ संपली. खळ्ळळ्ळ! दुसरी ओळ संपली. खळ्ळळ्ळ! बरोबर जागेवर, ओळीच्या शेवटी, पूर्णविराम द्यावा तसं. तिसऱ्या वेळेला एक काकू नाचता नाचता ओरडल्या, "परत!" आणि परत आलं!

मग आत्या सुटली. दुसरीचा पहिला पडदा, डावीकडच्या खिडक्या थरथरल्या. सगळे नाचत डावीकडे. दुसरीचा दुसरा, उजवीकडच्या. सगळे उजवीकडे. डावी, उजवी, डावी, उजवी, चारशे पाय एकदम! मोकळी थोरली मारली तर शटर असं धडधडलं की चहावाल्याने दोन्ही हात वर केले. नोटीस बोर्डाची काच मधेच किणकिण करून घ्यायची, लाजऱ्या पाहुणीसारखी. प्लंबरला हसू आवरेना, तो हसण्याच्याच तालावर ड्रम बडवायला लागला. पार्लरवाली गाण्याचे शब्द विसरली आणि "कपाट! खिडकी! कपाट!" असंच गायला लागली. मास्तर ट्रम्पेट वाजवत होते का नुसते गाल फुगवून उभे होते, कळत नव्हतं. मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. काय ओरडत होते ते मला विचारू नका.

आणि सगळ्यात शेवटी, गाणं संपता संपता, आत्याने मान वर केली. छताकडे बघितलं. थोरलीचा पाचवा पडदा.

वरची झडप मेंढीसारखी ओरडली. ब्यॅंऽऽऽ! आणि चौदा वर्षांची धूळ खाली आली. सगळी. एका गठ्ठ्यात. बरोबर जावईबापूंवर.

मला वाटलं, एवढ्या दणदणाटात ती पाचर आपोआप निसटली असेल. विचार करायला वेळच कुठे होता!

चहाची सुट्टी झाली. माझा आनंद गगनात मावत नव्हता, तोवर मी लोकांचं बोलणं ऐकलं. सगळे कपाटाभोवती जमले होते.

"यात मोटर बसवलीय का हो?"

"छे, खालून पाण्याची लाईन गेली असेल."

"मला वाटतं शटरचाच काहीतरी संबंध आहे."

त्यांना कपाट दिसलं होतं. आत्या नाही! मी एवढं सगळं केलं आणि क्लबभर प्रसिद्ध झालं कोण, तर लिंबू-चमचा! फक्त एक रिटायर झालेले कंडक्टर काका चहा हातात घेऊन स्टेजपाशी उभे होते, आत्याच्या खोक्याकडे बघत.

"ताई, हे काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"हॉल जुना झालाय, मास्तर," आत्या म्हणाली आणि चहाला फुंकर मारली.

चहानंतर बटण. ठरल्याप्रमाणे आत्या स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसली. जावयाने अंग झटकलं, कीबोर्डची वायर आत्याच्या खोक्याला जोडली, बटण दाबलं. पार्लरवालीचं हळू गाणं होतं. बेस आला. खरं सांगते, वाईट नव्हता. सूर बरोबर, ताल बरोबर. पण बटणाला काय माहीत हॉलमध्ये कोण कोण राहतं? प्रेमाचं गाणं चाललंय आणि मधेच कपाट खळ्ळ. ती श्वास घेतेय, शटर धडधड. ओळ अर्धी, खिडकी थरथर. जावई बटणाकडे बघतोय, बटण आपलं चालूच. जोडपी अवघडून नाचत होती. पण कुणी बोलायला येत नव्हतं. पहिलं गाणं गेलं. दुसरं निम्मं गेलं. आत्या मांडीवर रुमाल ठेवून त्याच्या घड्या घालत होती. आधी चार, मग आठ, मग घडी होईना.

मी उठणार होते. देवाशप्पथ, माइकच हिसकावणार होते.

तेवढ्यात ते रिटायर काका नाचता नाचता थांबले. काकूंचा हात सोडला आणि सरळ स्टेजपाशी आले.

"ओ मास्तर!"

मास्तरांनी ट्रम्पेट तोंडातून काढलं. "काय?"

"ड्रायव्हर बदललाय."

"कोण?"

"ड्रायव्हर हो! मी छत्तीस वर्षं बसमध्ये उभा राहिलोय. तोंड मागे असलं तरी मला पायाखालून कळतं, स्टिअरिंगवर दुसरं कुणी बसलं की. मघाशी या बाई होत्या." त्यांनी आत्याकडे बोट केलं. "खड्डे त्यांनीही घेतले, पण मजा म्हणून घेतले, सांगून सवरून. पहिल्या गाण्याला तर सुरुवातीचा एक सोडून एकही लागू दिला नव्हता. आता सगळे खड्डे नुसतेच लागतायत. कुठे गेल्या त्या? त्यांना बसवा बघू."

"बसवा, बसवा!" मागून काकू. "ती जाड तारांची गिटार होती ना, तीच!"

"हो हो, तीच ती, खालचा आवाज!" आणखी कुणीतरी. "ताई, उठा!"

मी किंचाळले. लाज नाही वाटत सांगायला.

मास्तर शब्दाचे पक्के. त्यांनी जावयाकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि स्टेजवरच टाचा जुळवून सलाम ठोकला, पीटीच्या सरांसारखा. "ताई, जागेवर!"

आत्या उठली, पण जागेवर गेली नाही. माझ्यासमोर आली आणि तळहात पुढे केला.

"दे."

"काय?"

"भिंगरी."

मी खिसा रिकामा केला. तिने मोजल्या. "दहा," म्हणाली आणि तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं शिंक आली. मग ती शांतपणे कपाटापाशी गेली, दोन पाचरी लावल्या, शटरला एक, बोर्डाला एक. खिडक्या मला लावायला लावल्या. पार्लरवालीचं गाणं अर्धवट राहिलं होतं ना, ते नीट पुरं व्हायला हवं होतं. मग पट्टा खांद्यावर घेतला, आणि जावयाला म्हणाली, "बापू, दोन्ही हातांनी वाजवा आता. छान वाजवता तुम्ही." चिडून नाही. खरंच.

आणि ते हळू गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. हॉलमध्ये काहीही वाजलं नाही. काच नाही, कप नाही. नुसता बेस, खालून, गादीसारखा. आणि मी बघितलं, नाचता नाचता माणसं आत्याच्या बोटांकडे बघत होती. आता त्यांना माहीत होतं कुठे बघायचं.

पुढच्या रविवारी काकांनी आल्या आल्या खोक्यावर तळहात ठेवला आणि दोन गाणी उचललाच नाही. "कपाट वाजवा!" म्हणून लोक मागे लागले. आत्या म्हणाली, "कपाटाची तब्येत बरी नाही." दहाच्या दहा पाचरी लागलेल्या होत्या. अकरावी मात्र वर नव्हती, आणि आत्याने अख्खी संध्याकाळ थोरलीचा पाचवा पडदा टाळला. नाच संपल्यावर एक काकू आत्यापाशी आल्या, जरा घुटमळल्या, म्हणाल्या, "ते दुसऱ्या गाण्यात तुम्ही खालून खालून काहीतरी वर चढत गेलात ना, ते फार छान होतं हो."

आत्या "थँक्यू" म्हणाली. घराच्या जिन्यापाशी आलो आणि ही बावन्न वर्षांची बाई पाठीवर गिटार घेऊन एकेक पायरी गाळत वर पळाली. मी खाली ते खोकं धरून उभी.

"आत्या! हे कोण उचलणार?"

"कुणीतरी म्हटलं, भिंगरी!" वरून आवाज आला. "आपणहून म्हटलं!"

या गोष्टीला पाच महिने झाले. परवा आमच्या स्वयंपाकघराचा नळ गळत होता म्हणून प्लंबर काका आले होते. आत्या लाँड्रीत होती. नळाखाली डोकं घालून ते म्हणाले, "वॉशर बदलतो. शिडी लागणार नाही. त्या दिवशी तुझ्या आत्याने बरी उचलून आणायला लावली."

"कुठल्या दिवशी?"

"पैजेच्या. सकाळी साडेदहाला. तू दुकानात होतीस, रविवारी अर्धा दिवस असतं ना तुझं. मी शिडी धरली आणि ताई वर चढल्या. ती झडपेतली जुनी पाचर काढली आणि पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, बाकीच्या पण आज न लावता ठेवू या का? तर म्हणाल्या, नको, गाणं खराब होईल. एकच पुरे." पान्याचा आवाज झाला. "मग आम्ही खाली उतरलो आणि जावईबापूंची खुर्ची एक वीतभर डावीकडे सरकवली."